मुलुंडला जायचं राहिलं

काम तसं साधं होतं. मुलुंडला जायचं, पेढ्यांचा पुडा आणि नारळ त्या घरात द्यायचा आणि ‘आमचा होकार आहे’ एवढं सांगून परत यायचं. जाऊन येऊन चार तास. मी ते पाच आठवडे केलं नाही.

आम्ही परळहून चारकोपला राहायला येऊन तेव्हा वर्षच झालं होतं. बैठी घरं, काही पुरी झालेली, काहींच्या नुसत्या भिंती उभ्या. रस्त्यांना अजून डांबर लागलं नव्हतं. संपानंतर बाबांची गिरणी उघडलीच नाही. दोन-तीन वर्षं मिळेल ते करून शेवटी त्यांनी चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वॉचमनची नोकरी धरली. सकाळी सात ते संध्याकाळी सात, आणि पहिले सहा महिने रविवारचीही सुट्टी नाही. मी अंधेरीला एका औषधांच्या कंपनीत क्लार्क होतो. चोवीस वर्षांचा. बहीण माझ्याहून तीन वर्षांनी लहान. बारावीनंतर ती दोन वर्षं शिकवण्या करत होती, आणि मधे नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी तिने अर्ज केला होता. वर्ष होत आलं तरी त्याचं काही उत्तर नव्हतं. घरात सगळे तो विसरले होते, ती सोडून.

कामं पुढे ढकलायची माझी सवय घरात सगळ्यांना माहीत होती. रेशनकार्डावरचा पत्ता बदलून आणायचं माझ्याकडे होतं. तो मी बदलला नाही, म्हणून आई वर्षभर साखर आणि रॉकेल आणायला चारकोपहून परळच्या जुन्या दुकानात जात होती. कॅन घेऊन ती घरी आली की मी म्हणायचो, “या आठवड्यात नक्की करतो गं.” तीही मान हलवायची. तिला राग येत नसे, आणि त्यामुळे मला घाई वाटत नसे.

ऑफिसात तर या सवयीला मला एक गुरूच भेटले होते. आमचे हेडक्लार्क. ते म्हणायचे, “पत्र आलं की लगेच उत्तर देऊ नकोस रे. पंधरा दिवस ठेवून दे. निम्मी पत्रं आपोआप निकालात निघतात.” आणि तसं होतही असे. एकदा नाशिकच्या एका दुकानदाराचं कडक पत्र आलं, की मालातली दोन खोकी कमी भरली. मी ते ट्रेमध्ये सगळ्यात खाली सरकवलं. दहा दिवसांनी त्याचंच दुसरं पत्र आलं, खोकी माझ्याच गोडाऊनमध्ये सापडली, माफ करा. पहिल्या पत्राला तडकाफडकी उत्तर दिलं असतं तर नुसती भांडणं झाली असती. मी ही गोष्ट सगळ्यांना सांगत सुटलो. तोवर माझा आळस हा नुसता आळस होता. त्या दिवसापासून मी त्याला शहाणपण समजायला लागलो.

त्याच सुमाराला बहिणीला मुलुंडचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या एका कारखान्यात फिटर होता, वडील नव्हते. तो आणि त्याची आई आमच्या घरी येऊन गेले. माणसं साधी होती. त्याच्या आईने विचारलं, “लग्नानंतर नोकरीबिकरीचा विचार नाही ना?” बहिणीने काही बोलायच्या आत आईनेच “नाही हो” म्हणून टाकलं. जाताना ती बाई म्हणाली, “आमची पसंती आहे. तुमचं काय ते आठ दिवसांत कळवा.”

त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला बाबांनी बहिणीला विचारलं. तिने मान खाली घालून होकार दिला. तेव्हाच्या मुली जसा देत तसा. मी म्हटलं, “पत्र टाकतो उद्या.”

बाबा म्हणाले, “असला काम पत्रान करूचा नसता. घरातला माणूस जावक व्हया. तू जा.”

स्थळ ज्यांनी आणलं होतं ते गावी भातकापणीला गेले होते. बाबांना सुट्टी नव्हती. परक्या घरी असलं बोलायला आई एकटी गेली नसती. म्हणजे मीच.

पहिल्या रविवारी मी खरंच निघालो. आईने पेढे आणून ठेवले होते, नारळ माझ्या ऑफिसच्या रेक्झिनच्या बॅगेत घातला होता. गोरेगावला येऊन मी आरे कॉलनीतून पवईला जाणारी बस पकडली. तिथून पुढे मुलुंडची बस घ्यायची. दिवाळी जवळ आली होती, हवा छान होती. आरेत शिरल्यावर दोन्ही बाजूंना झाडी, मधेच गोठे, उघड्या खिडकीतून गवताचा वास. मला वाटलं, उतरावं जरा. एक बस सोडून पुढची घेऊ. उतरलो. बाटलीतलं थंड मसाला दूध प्यायलो. मग एका उतारावर सावली बघून बसलो. समोर सहलीला आलेली माणसं पत्ते खेळत होती. त्या घरी काय बोलायचं, आत बसवलं तर किती वेळ बसायचं, याचा विचार करत मी पेढ्यांचा पुडा उघडला आणि एक खाल्ला. पुडा उघडलाच होता, मग दुसरा. अर्धा पुडा संपला तेव्हा तो कुणाला द्यायच्या लायकीचा उरला नव्हता. उरलेलेही मी खाल्ले. चार वाजता उलट दिशेची बस पकडून घरी आलो.

“काय म्हणाले?” आईने विचारलं.

“कुलूप होतं,” मी म्हटलं. “बाहेर गेले असतील. शेजारी पेढे-नारळ देऊन आलोय.”

एवढं सगळं मी चपला काढता काढता सांगितलं. पुढच्या रविवारी ऑफिसात स्टॉक मोजायचा होता. तो खरोखरच होता, पण दोनच वाजता संपला. त्याच्या पुढच्या रविवारी मला कणकण वाटत होती. आठ दिवसांची मुदत केव्हाच उलटली होती, आणि ती उलटल्यावर तर जाणं आणखी अवघड झालं. उशीर का झाला हे आता सांगावं लागणार होतं. हेडक्लार्कचे पंधरा दिवस मी मनात घोळवत राहिलो. होईल आपोआप काहीतरी.

आणि झालं. चौथ्या आठवड्यात बहिणीला नर्सिंगच्या ट्रेनिंगचं बोलावणं आलं. तीन वर्षं, हॉस्टेल, महिन्याला थोडा स्टायपेंड. तिने ते पत्र वाचलं, घडी घातली आणि पोळपाटाखाली ठेवून दिलं. कुणाला काही बोलली नाही.

दोन दिवसांनी मी ऑफिसातून आलो तेव्हा घरात ती एकटीच होती. आई परळला गेली होती. एरवी डबा मीच काढून देत असे. त्या दिवशी बहिणीने माझी बॅग उघडली आणि कागदपत्रांच्या खालून तो नारळ बाहेर काढला. मी तो बॅगेत आहे हे विसरूनही गेलो होतो. वजन जाणवायचं, पण ते कशाचं हे बघायचंही मी पुढे ढकललं होतं.

तिने नारळ हातात धरून माझ्याकडे बघितलं.

“दादा, तू गेलाच नव्हतास?”

मी बूट काढायला खाली बसलो.

“एकदाही नाही?”

“नाही.”

तिने नारळ ओट्यावर ठेवला. मग तिचा चेहरा एकदम मऊ झाला. “माझ्यासाठी थांबलास ना? तुला माहीत होतं मला काय हवंय ते.”

त्या वेळी मला दोन शब्द बोलायचे होते. आळस केला, बस्स. मी बोललो नाही. खाली बघून बुटाची नाडी सोडत राहिलो, आणि ते तिला हो वाटलं.

“घरात एवढा विचार माझा कुणीच केला नव्हता रे,” ती म्हणाली. “मी कुणाला सांगणार नाही.” आई यायच्या आत तिने नारळ फोडला, खवला आणि त्याची चटणी करून टाकली. जेवताना मी ती चटणी खाल्ली.

पाचव्या रविवारी बाबा कामावर निघताना दारात थांबून म्हणाले, “आज काय ता करून ये.” बहीण माझ्याकडे विश्वासाने बघत होती. मी निघालो, पण होकार सांगायचा की नकार, हेसुद्धा मी ठरवलं नव्हतं. तेही मुलुंडला पोचल्यावर बघू म्हटलं होतं.

दार मुलाच्या आईनेच उघडलं. मला ओळखायला तिला क्षणभर लागला. आत बसवलं, पाणी दिलं. मग शांतपणे म्हणाली, “आम्ही तीन रविवार घरातून हललो नाही. तुमच्यापैकी कुणी येईल म्हणून. माझा मुलगा कामावरून आला की पहिलं हेच विचारायचा, चारकोपहून कुणी आलं का. मग आम्ही समजलो काय समजायचं ते. गेल्या गुरुवारी दुसरीकडे सुपारी फोडली.”

तेवढ्यात तो आतून बाहेर आला. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, “घरी सगळे बरे आहेत ना? कुणी आजारी वगैरे होतं का?”

“हो, म्हणजे आता बरे आहेत,” मी म्हटलं. म्हणजे तिथेही खोटंच बोललो. आणि जिना उतरताना मला काय वाटलं तेही लिहायला हवं. मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्यावाचून निकाल लागला होता.

घरी येऊन मी सांगितलं, “त्यांनी दुसरीकडे ठरवलंय.” हे खरं होतं, त्यामुळे सांगताना जीभ अडखळली नाही. आई स्टोव्ह पेटवायला वळली. बहीण आत गेली. बाबा सात वाजता आले, त्यांनाही तेच वाक्य सांगितलं. बहीण तेव्हा बाहेर नळावर गेली होती.

ते खाकी शर्टाची बटणं काढत होते. हात थांबले. “माका वाटलाच होता,” ते म्हणाले. “गिरणीत होतंय तेव्हा गोष्ट वेगळी होती. वॉचमनाची पोरगी कोण करतलो?”

मी तिथेच उभा होतो. ‘तसं नाही बाबा,’ एवढं म्हटलं असतं तरी पुढचा प्रश्न आला असता. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा साध्या कपड्यांत घराबाहेर पडू लागले. खाकी कपडे घडी करून पिशवीत. इस्टेटच्या गेटवर पोचल्यावर ते बदलायचे आणि संध्याकाळी पुन्हा बदलून घरी यायचे. आम्हाला त्यांनी कारण सांगितलं की घामाचा वास येतो. आजूबाजूला सगळ्यांना ते कुठे काम करतात हे माहीत होतं. तरी ते बदलायचे. पुढे बहिणीसाठी आणखी एक-दोन स्थळं आली. बाबा म्हणाले, तुम्ही जा, मी कशाला.

मग बहिणीने पोळपाटाखालचं ते पत्र बाबांना दाखवलं. मुलुंडचं स्थळ गेलं म्हणूनच त्यांनी तिला ट्रेनिंगला जाऊ दिलं. एरवी दिलं नसतं. ती हॉस्टेलवर राहायला गेली, पांढऱ्या कपड्यांत घरी यायला लागली, तिचं बोलणं-चालणं बदललं. शेजारच्या बायका अंगावरच्या गाठी दाखवायला तिची वाट बघायच्या. नातेवाईक म्हणायचे, मुलुंडचं जमलं नाही तेच झकास झालं. मीही मान हलवायचो. ऑफिसात हेडक्लार्कना मी हा किस्सा नावगाव न सांगता ऐकवला, तेव्हा ते हसून म्हणाले, “बघ, मी काय सांगत होतो?” मलाही हसू आलं. ते हसू आठवलं की आजही मला कुणाकडे बघवत नाही.

बाबांना खरं सांगायचं मी ठरवलं होतं. अनेकदा. गणपतीला गावी जाऊ तेव्हा, घरी आजूबाजूला कुणी नसेल तेव्हा सांगू. गावी गेलो तर ते भावांमध्ये खुशीत होते, म्हटलं कशाला मूड घालवा. मग ठरवलं, बहिणीची परीक्षा झाली की सांगू, तेव्हा त्यांना वाईट वाटणार नाही. तिची शेवटची परीक्षा झाली. त्यानंतर महिन्याभरात बाबा गेले. दुपारी इस्टेटच्या गेटवर खुर्चीत बसल्या बसल्या. अंगात खाकी होती. त्यांचे साधे कपडे मी तिथल्या केबिनमधून पिशवीत घालून घरी आणले.

बहिणीला मी पुढच्या महिन्यात सांगितलं. ती घरी आली होती, आई शेजारी गेली होती. सगळं सांगितलं. आरेमध्ये बसलो ते, पेढे, मुलुंडच्या मुलाने काय विचारलं ते, त्या रात्री बाबा काय म्हणाले ते, आणि तिच्यासाठी मी थांबलो नव्हतो हेही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, “बाबांना माहीत होतं?”

“नाही.”

“म्हणजे ते शेवटपर्यंत कपडे बदलत राहिले.”

मी मान हलवली.

मी म्हणालो, “पण तुझं तरी चांगलं झालं ना गं त्यात.” हे म्हणायला नको होतं. पण गेली तीन वर्षं मी त्याच एका गोष्टीला धरून होतो.

ती चिडली नाही. पेशंटशी बोलावं तशी सावकाश बोलली. “माझं जे झालं ते मी केलं, दादा. अर्ज मी केला, अभ्यास मी केला, ड्युट्या मी केल्या. तुझ्यामुळे वेळ मिळाला असेल. तेवढंच. आणि त्यासाठी बाबांनी जे सोसलं ते मला आधी कळलं असतं, तर मी त्यांना त्याच दिवशी सांगून टाकलं असतं.” मग ती म्हणाली, “मी तुला इतकी वर्षं मनात किती मोठं करून ठेवलं होतं.”

मी म्हटलं, “आईला सांगतो मी. आज ती आली की लगेच.”

“नको,” ती म्हणाली. “आत्ताच तिचा नवरा गेलाय. सध्या तरी काही बोलू नकोस.”

मी बरं म्हटलं. ते म्हणताना छातीवरचा भार उतरल्यासारखं झालं, आणि तिने ते माझ्या तोंडावर पाहिलं. ती उठून आत गेली. तेवढ्यात आई शेजारून परत आली आणि तिने मला विचारलं, पंखा इतका जोरात का लावलायस.