शाल नको, साहेब

कुणी माझ्याशी विनाकारण गोड बोलायला लागलं की मी सावध होते. स्वभावच तसा. म्हणून मी जिना पुसत असताना मेट्रनबाई थांबल्या आणि हसून म्हणाल्या, "उद्या चांगली साडी नेसून या हं, तुम्हा सफाईवाल्यांचा सत्कार ठेवलाय," तेव्हा मी फडकं पिळायचं थांबवून त्यांचं तोंड निरखलं.

साताऱ्यातल्या त्या दवाखान्यात मी ठेकेदारामार्फत सफाईला होते. कोरोनाची दुसरी लाट ओसरत आली होती. वॉर्ड तुडुंब भरले होते, सख्खी माणसंसुद्धा दारातून मागं फिरत होती, तेव्हा आम्ही आत जाऊन खाटांखालचं पुसलं, ओकाऱ्या काढल्या, बेडपॅन धुतले. गल्लीत ज्यांनी थाळ्या वाजवल्या, त्यांनीच मला नळाला हात लावू दिला नव्हता. तेव्हा सत्कार कुणाला सुचला नाही. आता खाटा रिकाम्या व्हायला लागल्यावर बरा सुचला! खाटा कमी झाल्या की फडकं मारणारे हातही कमी लागतात, हे कळायला शाळा शिकावी लागत नाही. त्यात ठेकेदार माझा फोन उचलत नव्हता.

आणि त्या दवाखान्यात शाल कुणाला मिळालेली मी पाहिली होती? एका म्हाताऱ्या वॉर्डबॉयला आणि कपडे धुणाऱ्या मावशींना. दोघांच्याही खांद्यावर शाल घातली, भाषणं झाली, फोटो निघाले आणि दुसऱ्या दिवसापासून दोघंही घरी. त्यांचं वय झालं होतं म्हणा. माझं झालं नव्हतं. माझा नवरा मूळचा माण तालुक्यातला, मुंबईत गोदामात हमाली करायचा. गोदाम बंद पडल्यापासून तो घरीच होता. माझं काम गेलं असतं तर आमची चूलच विझली असती.

माझी जोडीदारीण मात्र हरखून गेली होती. दोघी मिळून एकच वॉर्ड सांभाळायचो आम्ही.

"अगं, मान देत्यात तर घे की गप," ती म्हणाली.

"मान देत्यात का हाकलत्यात, ते कळू दे आदी."

"तुला तर देव दिसला तरी तू इचारशील, काय काम हाय म्हणून."

"इचारीनच."

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावर खुर्च्या मांडल्या. मोठे डॉक्टर बोलायला उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, पण मी त्यांचा शब्द न् शब्द चाचपत होते. आम्ही जिवावर उदार होऊन राबलो, आमच्यामुळे दवाखाना उभा राहिला, आमचे उपकार फिटणार नाहीत. सगळं भाषण होऊन गेलेल्या दिवसांचं. पुढच्या दिवसांबद्दल एक अक्षर नाही. ठेकेदार पहिल्या रांगेत बसला होता, नवीन शर्ट घालून. मी त्याच्याकडे बघितलं की तो छताकडे बघायचा. माझी खात्रीच पटली.

एकेकीला बोलावणं झालं. जोडीदारीण शाल घेऊन फोटोला हसली. माझी पाळी आली. डॉक्टरांनी शाल उलगडली आणि मी दोन पावलं मागं सरले.

"शाल नको, साहेब."

लोक हसले. मी लाजले असं त्यांना वाटलं असणार.

"घ्या हो मावशी, तुमचा हक्क आहे तो."

"आवं साहेब, उद्या कामावर येऊ का न्हाई, तेवढं सांगा. मग शाल."

हसणं थांबलं. डॉक्टरांनी गोंधळून ठेकेदाराकडे पाहिलं. "म्हणजे? यांना काढणार आहात का तुम्ही?"

"तसं काय अजून ठरलं न्हाई," ठेकेदार चुळबुळला. "पेशंट कमी झाल्यात..."

माझ्या मागं सळसळ झाली. वळून पाहिलं तर जोडीदारीण अंगावरची शाल काढून घडी घालत होती. तिनं ती टेबलावर ठेवली. मग दुसरीनं ठेवली. मग ज्यांना मिळाल्या होत्या त्या सगळ्यांनीच ठेवल्या. डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी माईक ठेकेदाराच्या हातात दिला आणि म्हणाले, "ठरलं नसेल तर आत्ता ठरवा. मला या सगळ्या इथे हव्या आहेत."

ठेकेदार पुटपुटला, "या उद्यापास्नं."

"मोठ्यानं म्हणा," मी म्हटलं. "मागं ऐकू न्हाई गेलं."

"या की, समद्याजणी या!"

टाळ्या वाजल्या. डॉक्टरांनी पुन्हा शाल उचलली तशी मी मान वाकवली. मास्कच्या आत मला रडू फुटलं, आणि रागही आला. 'उद्या या' एवढं ऐकायला मला शंभर माणसांपुढं उभं राहावं लागलं होतं.