तिची रिकामी नळी स्वच्छ होती

तुझ्या आत्याचं सांगते, ते लिही. मधल्याचं वेगळं सांगायला नको. आत्याचं सांगायला घेतलं की तो येतोच त्यात.

आत्या माझी थोरली. तिच्या पाठीवर मधला, आणि मग बऱ्याच वर्षांनी तुझा बाप. आत्या लहानपणापासून अशी, की ताटात केस निघाला तर ओरडायची नाही. चिमटीत धरून खिडकीशी न्यायची, उजेडात बघायची आणि कुणाचा आहे ते सांगायची. मधला म्हणायचा, "ताई, तुला पोलिसात भरती करायला पाहिजे." पोलिसात नाही गेली ती, पण पोलीस ज्या प्रयोगशाळेत सामान पाठवतात तिथं लागली.

काम काय, तर माणसाच्या रक्तातून, थुंकीतून, दाताहाडातून डीएनए काढायचा. मला वाटलं, काढायचा म्हणजे काटा काढतात तसं काही असेल. ती हसली. म्हणाली, "आई, आपल्या अंगातल्या कणाकणात एक बारीक धागा असतो. अर्धा आईकडून आलेला, अर्धा बापाकडून. बाकीचं सगळं लेंढार बाजूला करून तो एकटा स्वच्छ काढायचा. मग मशीन तो वाचतं."

"आणि काय लिहिलेलं असतं त्यात?"

"कोण कुणाचं, ते."

एकदा तिनं घरीच करून दाखवलं. मधल्याला मिठाच्या पाण्यानं चूळ भरायला लावली आणि ती पेल्यात थुंकायला सांगितली. त्यात भांडी घासायच्या साबणाचे थेंब टाकले, हळूच हलवलं. साबणानं म्हणे त्या कणांची टरफलं फुटतात आणि धागा मोकळा होतो. मग बर्फात ठेवलेलं स्पिरिट पेल्याच्या कडेकडेनं सोडायला लागली. मधला म्हणतो कसा, "स्पिरिट कशाला वाया घालवतेस, माझ्या थुंकीत आधीच आहे." सगळे खो खो हसलो. त्याचा बाप तेवढा नाही हसला. मधल्याच्या पिण्यावरूनच रोज घरात वाजायचं ना.

तर पेल्यात वर पांढरे पुंजके तरंगायला लागले, नाकातून येतं ना, तसे. मधला पेला डोळ्यांसमोर धरून बसला. "हा मी?" म्हणाला. आत्या म्हणाली, "अर्धी आई, अर्धे बाबा." "मग माझं काय त्यात?" असं म्हणून त्यानं सगळं मोरीत ओतून दिलं.

असा तो. तोंडाचा तिखट, मनाचा हळवा. एक दिवस बापाशी कडाक्याचं भांडण झालं आणि तो निघून गेला. पहिल्यांदा नव्हता जात, म्हणून कुणी मागं गेलं नाही. पण या वेळी आलाच नाही. शोधलं, पोलिसात सांगितलं, त्याच्या गॅरेजवर, मित्रांकडं, दवाखान्यांतून विचारून आलो. वर्षं गेली. तुझे आजोबा वाट बघता बघता गेले. जिन्यावर पाऊल वाजलं की वर्तमानपत्र खाली करायचे.

त्या काळात आत्या माझ्या मागं लागली. "आई, हरवलेल्या माणसांच्या घरच्यांचे नमुने ठेवतात. कापसाचा बोळा लावलेली काडी गालाच्या आतून फिरवायची, बस. कुणी बेवारस सापडलं तर ताडून बघतात."

"बेवारस म्हणजे मेलेलंच ना?"

ती माझी नजर चुकवून भांडी आवरायला लागली.

"मग माझा बोळा तिथं नको. माझा पोरगा हिंडता फिरता आहे."

"अगं, बोळा दिला म्हणून तो मरणार आहे का?"

"आणि नाही दिला म्हणून तुझं काय अडलंय? तूच त्याला मारायला निघालीस!"

असं बोलले मी तिला. तिनं परत विषय काढला नाही. स्वतःचा बोळा ती देऊ शकली असती, पण माझ्या मनाविरुद्ध नाही केलं तिनं.

गंमत बघ, गंमत म्हणायची का त्याला, तिचा बोळा तिथं आधीपासूनच होता. त्या प्रयोगशाळेत साहेबापासून झाडूवालीपर्यंत जो कोणी पाऊल ठेवतो त्याचा नमुना घेऊन ठेवतात. कारण एखादी शिंकली, कुणाचं कातडं झडलं, की तिचाच धागा नळीत जायचा आणि खुनाच्या गुन्ह्यात झाडूवाली सापडायची. म्हणून कुठलंही वाचन आलं की आधी आपल्याच माणसांशी ताडतात. कुणाशी जुळलं नाही, की मग पुढं. नियम होता म्हणून रुजू होताना तिनंही दिला होता. त्याचा भावाशी काही संबंध लागेल हे कुणाच्या डोक्यात यावं?

मग ती हाडं आली. नदीवर नव्या पुलाचं खोदकाम चाललं होतं, तिथल्या गाळात सापडलेली. कपडा नाही, चप्पल नाही, कवटीचा पत्ता नाही. खोक्यावर नुसता आकडा. तिच्या टेबलावर असली खोकी कायम यायची. तिनं तिच्या पद्धतीनं केलं. मांडीच्या हाडाचा तुकडा करवतीनं कापला, वरचा थर खरवडून टाकला, धुतला, वाळवला आणि गोठवून दळला. हो, दळायचं. अगदी पिठासारखं. मग हाडातला चुना ज्यात विरघळतो त्या पाण्यात ते पीठ भिजत ठेवायचं. मग दुसरं औषध घालून कोमट ठेवायचं, ते मांसाचा उरलासुरला अंश खाऊन टाकतं. मग एक उग्र वासाचं औषध घालून नळी गरगर फिरवायची, की थर पडतात. खाली घाण, मधे पांढरी साय, वर स्वच्छ पाणी. ते वरचं पाणी सायीला धक्का न लावता उचलायचं. सगळं कसब त्यात. ती म्हणायची, "श्वाससुद्धा मास्कच्या आत जपून घ्यायचा."

आणि प्रत्येक वेळी बरोबर एक रिकामी नळी चालवायची. तिच्यात हाड नाही, काही नाही. पण बाकी सगळी औषधं, सगळी उठाठेव तीच. त्या रिकाम्या नळीत कुणाचा धागा निघाला, तर समजायचं की काम करणाऱ्याचा हात घाण आहे.

वाचन आलं. जुनं हाड, वाचन तुटकंच. पण नियमाप्रमाणे आधी तिथल्या माणसांशी ताडलं, तर आत्याशी बरंचसं जुळलं.

तिथं एक चष्मेवाला आहे, तिच्याच बरोबरीचा. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "काय ताई, हाडाशी गप्पा मारत होतात काय? थुंकी उडाली वाटतं!" मोठ्या बाईंनी तिला आत बोलावलं. बाई कडक. म्हणाल्या, "इतक्या वर्षांत तुझं असं कधी झालं नव्हतं. हाड पुरुषाचं आहे आणि त्यात तुझी भेसळ आहे."

"बाई, माझी रिकामी नळी स्वच्छ आहे."

"नळी स्वच्छ असली तरी हाडावर आधीच काही पडलं असेल."

"मी मास्क काढला नाही. बाई, माझी रिकामी नळी स्वच्छ आहे!"

हे तिनं घरी येऊन मला सांगितलं. जेवली नाही. चिडली होती नुसती. तिच्या कामाला कुणी नाव ठेवलं की तिला शिवी दिल्यासारखं लागतं. मी आपली समजूत घालत बसले, की होतं गं माणसाच्या हातून. तर माझ्यावरच खेकसली, "माझ्या हातून नाही झालेलं!" मला काय ठाऊक ती कशाबद्दल बोलतेय. तिला तरी कुठं ठाऊक होतं.

बाईंनी तिला त्या खोलीबाहेर ठेवलं आणि चष्मेवाल्याला नवा तुकडा कापून पहिल्यापासून सगळं करायला लावलं. या वेळी वाचन चांगलं भरभरून आलं. भेसळ असती तर दोन माणसं दिसली असती. एकच होता. पुरुष. आणि तरीही आत्याशी जुळत होता. पूर्ण नाही. भाऊबहिणींचं जुळतं तेवढा.

चष्मेवाल्यानं त्या दिवशी वाचनाचा कागद नुसता बाईंपुढं सरकवला म्हणे. बाईंनीच तिला खुर्ची दिली आणि विचारलं, "तुझ्या घरातलं कुणी हरवलंय का?"

भर दुपारी आली ती घरी. बरोबर एक अनोळखी मुलगी, हातात मोजे, पिशवीत त्या लांब काड्या. आत्याला स्वतःला हात लावायची परवानगी नव्हती, घरचं प्रकरण झालं ना. मी तांदूळ निवडत होते. तिचा चेहरा बघितला आणि ताट बाजूला सारलं.

"आई, तोंड उघड."

सगळं कळलं मला. कुणी सांगावं लागलं नाही. मी दात घट्ट मिटले. हसू नकोस, खरंच मिटले, लहान पोर औषधाला मिटतं तसे. ती मुलगी बिचारी दाराशीच उभी.

"आई, नक्की नाहीये अजून. आईचा नमुना असला तर नक्की होईल."

मी मान हलवली. तोंड उघडलं की पोरगा मेला, मिटलेलं आहे तोवर आहे. माझं गणित सरळ होतं.

"दुसऱ्याच कुणाचा असेल तो. आपल्या नात्यातला. असतात लांबचे."

हे ती मला सांगत होती. मला, जिनं तिला शेकडो वेळा विचारलंय की लांबच्याचं किती जुळतं नि सख्ख्याचं किती. मी तोंड फिरवलं. मग ती माझ्या पुढ्यात खालीच बसली. पाय पसरून, मोठी बाई माणूस असून. आणि म्हणाली, "आई, मी त्याला दळलंय."

मी तोंड परत तिच्याकडं फिरवलं.

"करवतीनं कापलं. खरवडलं. दळलं. पीठ उडू नये म्हणून झाकण दाबून धरलं होतं मी. कुणाचं होतं ते मला कळू दे. तुला नको असेल, तर तू ऐकू नकोस. मी सांगणार नाही. पण मला कळू दे."

तुझी आत्या बाप गेला तेव्हा रडली नव्हती. सगळी धावपळ तिनंच केली. त्या दिवशी मात्र, झाकण दाबून धरावं तसं, ती एका हातानं दुसरा दाबून धरत होती. तेव्हा मला वाटलं, तो तर गेलाच असेल, पण ही समोर आहे. मी त्या मुलीला खुणेनं बोलावलं आणि तोंड उघडलं. तिनं काडी गालाच्या आत गोल गोल फिरवली. काही दुखत नाही त्यानं. मला आपलं दुखल्यासारखं झालं.

निकाल यायच्या आधीचे दिवस आम्ही दोघी एकमेकींच्या डोळ्याला डोळा देत नव्हतो. ती विचारायची, "चहा ठेवू?" मी म्हणायचे, "ठेव." एवढंच बोलणं. मग एका संध्याकाळी मोठ्या बाई स्वतः आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. त्यांनी आत्याकडं नाही, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आजी, तो तुमचाच आहे."

मी ठरवलं होतं, ऐकणार नाही. ऐकलं. पाण्यात कसा गेला, पडला की काय, ते कुणालाच सांगता आलं नाही. धाग्यात ते लिहिलेलं नसतं.

बाई निघताना आत्यापाशी थांबल्या. "मी तुझ्यावर आळ घेतला," म्हणाल्या. आत्या म्हणाली, "बाई, तुमचंच बरोबर असतं तर बरं झालं असतं."

मग खोकं ताब्यात मिळालं. अखेरचा निरोप द्यायच्या आधी तुझा बाप म्हणाला, उघडू नका. आत्यानं उघडलं. आत कागदात गुंडाळलेली हाडं, वाळलेल्या मातीच्या रंगाची. मी एकेकावरून हात फिरवला. मला वाटलं होतं, आईच्या हाताला काहीतरी कळेल. या पायाला मी तेल लावलंय, हे गुडघे फुटले तेव्हा फुंकर घातलीय. काही कळलं नाही, बाळा. कुणाचीही असती तरी तशीच लागली असती.

आत्या शेजारी बसली होती. म्हणाली, "आई, माझ्या हातात होता आणि मी ओळखलं नाही."

मी म्हटलं, "मी तरी कुठं ओळखतेय?"

मांडीच्या हाडाला दोन जागी चौकोनी कापलेलं होतं, खिडक्यांसारखं. एक चष्मेवाल्याचा काप, एक तिचा. तिचा सरळ होता, कडेचा कुठंही टवका उडालेला नाही. तिनं त्यात बोट घातलं आणि म्हणाली, "हा माझा." आणि ते बोट तसंच ठेवून बसली. तुझा बाप खोकं बंद करायला पुढं आला, त्याला मी डोळ्यांनीच थांब म्हटलं.