झाकण नसलेले डबे

पर्ल या प्रोग्रामिंगच्या भाषेत क्लास लिहायची जुनी रीत म्हणजे झाकण नसलेले डबे. एका वस्तूची सगळी माहिती एका डब्यात, पण बाहेरून कुणीही हात घालावा आणि हवं ते बदलावं. मला ते कधी खटकलं नाही. आमच्या राजुरीत शेजारणीच्या फडताळातली साखर न विचारता घेतात, घेतल्याचं कुणी सांगतही नाही. मी कोडही तसंच लिहायचो.

बिबट्या दिसला की त्या गावच्या शिवारातल्या लोकांचे फोन वाजावेत, असा एक प्रोग्राम मी पर्लमध्ये केला होता. त्यात एका मेंढपाळाचा वाडाही होता. मेंढ्यांचा मुक्काम आज इथं, परवा तिथं, म्हणून तो फोन करून नवी जागा कळवायचा.

"भाऊ, आमी राजुरीवरनं निरगुडसरला आलोय. तेवढं टाका."

वाडा हलवायला मी एक मेथड लिहिली होती. ती गावाचं नाव बदलायची आणि वाड्याचा फोन नंबर जुन्या गावाच्या यादीतून काढून नव्या गावाच्या यादीत घालायची. त्या दिवशी मी घाईत होतो. घाई कसली, आळस. मेथड सोडून सरळ डब्यात हात घातला आणि नुसतं नाव बदललं. स्क्रीनवर निरगुडसर दिसलं, मी जेवायला उठलो.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना निरगुडसरच्या उसात बिबट्या दिसला. गावातले फोन वाजले. वाड्याचा नंबर अजून राजुरीच्याच यादीत होता. मेंढपाळाची बायको उसाच्या कडेला वाकून सरपण गोळा करत होती, वाड्याचा फोन कमरेला खोचलेला. ती गेली.

तेराव्याला त्यानं मला विचारलं, "भाऊ, तिचा फोन का वाजला न्हाई?"

मी म्हणालो, "तिथं रेंज नसेल." जीभ झडली नाही माझी.

तेव्हापासून पर्लमध्ये क्लासची सोपी रीत बसवणाऱ्यांच्या चर्चेत मी लिहू लागलो. क्लास एका शब्दात सांगता यावा, आतली माहिती एकेका ओळीत, आणि तिला बाहेरून कुणाचा हात लागू नये. हा शेवटचा मुद्दा मी हट्टानं धरला. एकानं लिहिलं, लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवा की, कुलपं कशाला? त्याला मी लांबलचक उत्तर दिलं. खरं कारण सोडून सगळं सांगितलं. पुढं नवी रीत हाती आल्यावर आमचा प्रोग्राम तीत लिहिला आणि मुद्दाम बाहेरून गाव बदलून पाहिलं. एरर आली, प्रोग्राम तिथंच थांबला. मला हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःची शिसारी आली.

गेल्या आठवड्यात मेंढपाळ रस्त्यात भेटला. मेंढ्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या.

"खाली ओढ्याकाठी का नाही बसवत?" मी विचारलं.

"खाली रेंज न्हाई ना. माळावर चारा न्हाई, पोरी गारठ्यानं खोकत्यात, पर फोनला काड्या दिसत्यात. आता तिथंच वाडा टाकतो. तुमी त्या दिशी सांगितलं म्हणून कळलं, भाऊ. लई उपकार झाले."

त्या उसाच्या कडेला मी नंतर एकदा जाऊन उभा राहिलो होतो. रेंज पूर्ण होती. तेच सांगायला मी तोंड उघडलं, आणि विचारलं, "नवा मुक्काम कुठला टाकू?"