सुक्या नारळांची जोडी

सोमवारी सकाळी चहा घेताना मुलीने जाहीर केलं, "सॅटरडे, खोर फक्कान. यू अँड मी, रेस टू द यलो बोया. नो एक्स्क्यूजेस, बाबा."

इथे आखातात, खोर फक्कानच्या किनाऱ्यावर पोहणाऱ्यांची हद्द दाखवायला पाण्यात पिवळे गोळे तरंगत ठेवलेले असतात, त्यातल्या पहिल्याबद्दल ती बोलत होती. पुढच्या महिन्यात ती कॉलेजसाठी पुण्याला जाणार होती, म्हणजे नाही म्हणायची सोय नव्हती. अडचण एवढीच की मला पोहता येत नाही.

रत्नागिरीकडचा माणूस, अंगणातून समुद्र दिसायचा, आणि पोहता येत नाही. हे सांगायचं कुठल्या तोंडाने? आमच्याकडे पोरांना पोहायला शिकवताना दोन न सोललेले सुके नारळ एकमेकांना बांधतात. ती जोडी पोटाखाली घ्यायची आणि विहिरीत उतरायचं. नारळ बुडत नाहीत म्हणून पोरही बुडत नाही, आणि थोड्या दिवसांनी धीर आला की पोरगं स्वतःच ते फेकून देतं. माझ्या चुलतभावाने आठवड्यात फेकले आणि विहिरीच्या तळाची माती मुठीत घेऊन वर यायला लागला. मी सातवीत गेलो तरी सोडले नाहीत. शेवटी काकांनी वैतागून ते सोलले आणि काकूंनी आमटीला वापरले.

मुलगी चार वर्षांची असताना तिने विचारलं होतं की बाबा, तुला पोहता येतं का. माझ्या तोंडून तळाच्या मातीची गोष्ट निघून गेली, फक्त चुलतभावाच्या जागी मी होतो. पुढे चौदा वर्षं मी ती निभावली. बीचवर गेलो की चटई आणि चपला सांभाळायचो. कधी नुकताच जेवलेलो असायचो, कधी कान दुखायचा.

तर सोमवारी संध्याकाळी अल क्वोजमधल्या आमच्या गोदामातून सुटलो आणि दोन गाळे सोडून असलेल्या पोहण्याच्या क्लासमध्ये शिरलो. ती पाटी मी सहा वर्षं बघत होतो. शिकवणारा मल्याळी होता, माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान. बॅचमध्ये पहिलीतली पाच मुलं आणि मी. मुलं धडाधड पाण्यात उड्या मारत होती. मी शिडी धरून उतरलो आणि शिडी धरूनच उभा राहिलो.

"अंकल, पानी से झगडा नहीं करने का," तो म्हणाला.

मंगळवारी मी कडाडून झगडलो. निम्मं पाणी नाकात गेलं, निम्मं पोटात. बुधवारी कंबर धरली. बायको मलम चोळताना म्हणाली, "अहो, ऑफिसमध्ये पोती उचलायला लावली की काय?" मी स्टॉक टेकिंग चाललंय म्हणून सांगितलं. ती गालातल्या गालात हसली, तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही की माझ्या डोक्याला क्लोरिनचा वास येतोय. एका थापेसाठी दुसरी थाप मारतोय, तीही या वयात, याची मला खरोखर लाज वाटली.

गुरुवारी मात्र चमत्कार झाला. मास्तरने मला पाठीवर आडवं केलं, खाली हात धरला आणि न सांगताच काढून घेतला. मी वरचं पत्र्याचं छत बघत राहिलो. दहा आकडे मोजले तरी मी पाण्यावरच होतो! "खलास! हो गया अंकल!" तो ओरडला आणि पाचही मुलांनी टाळ्या वाजवल्या. प्रमोशन मिळालं तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. घरी जाताना करामाच्या स्टॉपवर उतरून मी अर्धा किलो जिलबी घेतली. घरी विचारलं, कशाबद्दल? म्हटलं, स्टॉक जुळला.

शुक्रवारी मी मास्तरला विचारलं की उद्या समुद्रात बोयापर्यंत जमेल ना. तो इतका हसला की त्याला कठडा धरावा लागला. "इन्शाल्ला, अगले साल." खोटं उघडं पडायला एक रात्र उरली होती, आणि आणलेली जिलबी मला गोड लागेना.

शनिवारी खोर फक्कानला बायकोने चटई अंथरली आणि सवयीने माझ्या चपला ओढून घेतल्या. मुलगी कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. मी चालत तिच्यापर्यंत गेलो.

"मला पोहता येत नाही," मी म्हणालो. "ती माती माझ्या चुलतभावाने, तुझ्या काकाने काढलेली."

"आय नो. काका टोल्ड मी. आय वॉज नाइन."

मला रागच आला. नऊ वर्षं हिला माहीत होतं आणि मी कान दुखवून घेत बसलो होतो! "मग ही रेस कशाला?"

"टू गेट यू इन द वॉटर, बाबा. नाहीतर यू विल जस्ट गार्ड द चप्पल्स."

काठावर बायको तोंडाला ओढणी लावून हसत होती. तिलाही माहीत होतं. मग मीही हसलो. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"पण मला तरंगता येतं," मी म्हणालो. पहिलीतल्या पोराच्या थाटातच म्हणालो असणार, कारण तिने लगेच दोन्ही हात पुढे केले. मी पाठीवर आडवा झालो. तिचे दोन तळवे माझ्या पाठीखाली होते, त्या नारळांसारखे. आकाश पांढरंफटक होतं. लाट यायची, आम्हाला दोघांना थोडं उचलायची आणि ठेवायची. पुढच्या महिन्यात हे हात इथे नसणार, एवढं एकच डोक्यात होतं.

ती वाकली आणि मराठीत म्हणाली, "सोडू का, बाबा?"

मी म्हटलं, थांब. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, थांब. तिला कसलीच घाई नव्हती.

तिसऱ्यांदा तिने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "सोड."