धोंड्याच्या जेवणाआधी

अहमदपूरच्या तहसीलीसमोर मी अर्जनवीस म्हणून बसतो. शिक्षण नववीपर्यंतच, तथापि माझ्या हातचा अर्ज त्रुटी काढून सहसा परत येत नाही, हे या परिसरात सर्वश्रुत आहे. दुसऱ्याची अडचण नेमकी मांडणे हा माझा व्यवसाय. स्वतःची मांडण्याचा प्रसंग एकदाच आला, तोही चाकूरला, सासुरवाडीत.

लग्नाला बरीच वर्षे होऊनही अपत्य नव्हते, म्हणून लातूरला उपचार चालू होते. तपासणीत पत्नी निर्दोष ठरली. उणीव माझ्या वीर्यात निघाली. डॉक्टरीणबाई हे सारे पत्नीकडे पाहून सांगत होत्या; माझ्यासाठी लिहिलेल्या गोळ्यांची चिठ्ठीही त्यांनी तिच्याच हाती दिली. मला दुःख झाले असे म्हणता येणार नाही. परक्या पक्षकाराची हकीकत ऐकावी, तसे मी ते ऐकले. पत्नीने मात्र माहेरी दोष आपलाच असल्याचे सांगून टाकले, आणि तो विषय तेथेच राहिला.

पुढे अधिक मास आला. रिवाजाप्रमाणे जावयास धोंडे खाऊ घालण्याचे बोलावणे आले. मला पाटावर बसवून सासऱ्यांनी पायांखाली परात सरकवली. सासूबाई तांब्या घेऊन वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, आमच्या लेकीत खोट निघाली. दुसरा कुणी असता तर दुसरी केली असती. तुम्ही तिला नांदवून राहिलाव, लई उपकार हायेत."

पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मानेनेच मला नको म्हणून खुणावले. मी परातीतून पाय काढून घेतले.

"मामी, खोट तिच्यात न्हाई. माझ्यात हाय."

सासऱ्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि पुन्हा खांद्यावरच टाकला. सासूबाई लेकीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "पाय ठेवा." त्यांनी पाय धुतले, पुसले, कुंकू लावले. जेवताना पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या. आग्रह मात्र नेहमीपेक्षा अधिक झाला, आणि तो मला खटकला.

परतीच्या एसटीत पत्नी खिडकीशी बसली. मग बाहेर पाहतच म्हणाली, "आई माझी कीव करायची, ते मी सोसत होते. आता तुमची करील. ते मला सोसणार न्हाई."



आठवड्याने सासूबाईंचा फोन आला. लेकीला न बोलावता त्यांनी माझ्याशीच बोलणे काढले. गोळ्या वेळेवर घेताय का, असे विचारले. मी हो म्हणालो. वास्तविक गोळ्यांचे पाकीट अद्याप फोडलेलेही नव्हते. फोन ठेवून मी ते कपाटातून काढले आणि पत्नीकडे पाणी मागितले.