रानगव्याची बाळंतीण

सिंगा पावऱ्याबद्दल लिहायचं तर आधी माझ्याबद्दल लिहावं लागतं, आणि तिथेच माझं घोडं अडतं. यावलच्या बाजारपेठेत माझं फोटोचं दुकान होतं. मागे रंगवलेला पडदा, पुढे वेताची खुर्ची, आणि लाकडी तिपाईवर कॅमेरा. स्वभाव तापट. माझ्या फोटोला कोणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरायचं. गावाला हे ठाऊक होतं आणि गाव त्याची मजा घ्यायचं.

सिंगा सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा. दर बाजाराला डिंक आणि चारोळी घेऊन यायचा आणि परतताना माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकायचा. अंगाने काटकुळा, बोलणं मोजकं, पण थट्टा अशी करायचा की समोरचा गार. एकदा एक नवरदेव खुर्चीत स्थिर बसेना. मी घामाघूम झालो. सिंगा पायरीवरून म्हणाला, "कौतिकभाऊ, त्याले झाडले बांधी दे." नवरदेवासकट सगळे हसले. मी चिडलो खरा, पण त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

१९३८ च्या चैत्रात त्याने सहज बोलताना सांगितलं, वरच्या नाल्यात रानगव्याची मादी व्याली आहे. त्यांच्या पाड्याची एक रीत होती. गव्याची मादी व्याली की ती बाळंतीण. वासरू आईमागे डोंगर चढायला लागेपर्यंत त्या नाल्यात कोणी पाऊल टाकायचं नाही. मोहाची फुलं जागेवर कुजली तरी चालतील. त्या वर्षी तिथले मोह नुसते ओथंबले होते, आणि सिंगाची बायको रुपली टोपली घेऊन लांबच्या उजाड डोंगरावर जात होती.

मी त्याच्या मागेच लागलो. रानगव्याच्या आईचा आणि वासराचा फोटो आमच्या भागात कोणी काढला नव्हता, आणि तो मलाच काढायचा होता. दोन बाजार त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्या बाजाराला ती दाखवायला कबूल झाला. म्हणाला, "चाल, दखाडस. पन कोन्हले सांगू नको. ती बाळंतीन शे." मी शब्द दिला.

तीन दिवस आम्ही खडकाआड बसलो. त्याने माझा साबण बंद केला, विडी बंद केली आणि माझ्या धुवट सदऱ्याला गव्याचं शेण फासलं. "आते तुना मानुसना वास येत नही," म्हणून खुदकन हसला. तिसऱ्या सकाळी ती आली. काळीभोर, पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, आणि पोटाशी तांबूस रंगाचं, लटपटतं वासरू. वासरू आचळाला लुचलं तशी ती थांबली. मी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली शिरलो. तिने मान वळवून सरळ आमच्याकडे पाहिलं. मी श्वास रोखून फोटो घेतला. सिंगा माझ्या कानाशी पुटपुटला, "तिनी आपले देखं, तरी बी ती गयी नही." इतका आनंदलेला मी त्याला पुन्हा कधी पाहिला नाही.

फोटो मी दुकानाच्या दर्शनी भागात टांगला. ठिकाण विचारणाऱ्याला नुसतं हसून दाखवायचो. आठ दिवस जमलं. मग जळगावचे एक वकील आले, शिकारीचे शौकीन. त्यांनी फोटो न्याहाळला आणि म्हणाले, "म्हशीच्या पायांना चुना लावलाय वाटतं!" दुकानातली चार माणसं खो खो हसली. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. मी नाला सांगितला, खडक सांगितला. ती पाण्यावर केव्हा येते, वारा कुठून वाहतो, तेही सांगितलं. वकील सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेत होते. ते दिसलं तेव्हा मी गप्प झालो, पण तोवर सांगायचं काही उरलंच नव्हतं.

राग कोणालाही येतो. माझी खरी लाज पुढे आहे. पाडा यावलपासून पाच कोसांवर. त्याच दिवशी निघून सिंगाला सावध करता आलं असतं. चार माणसांनी ढोल बडवले असते तरी ती वासराला घेऊन वर निघून गेली असती. मी गेलो नाही. गेलो असतो तर मी काय केलं ते त्याला सांगावं लागलं असतं. वकील बोलतात फार, येणार नाहीत, अशी मनाची समजूत घालून मी जेवायला बसलो.

सहाव्या दिवशी डोंगराच्या पायथ्याच्या सरकारी बंगल्यावरून वकिलांचा निरोप आला, कॅमेरा घेऊन या. ती अंगणात पडली होती. वकिलांनी तिच्या खांद्यावर बूट ठेवला होता. आचळातून दूध झिरपून खालची माती ओली झाली होती. वासराचं काय झालं, कोणालाच माहीत नव्हतं. रान उठवायला, हाकाऱ्याला, पाड्यावरचे सगळे पुरुष धरून आणले होते, त्यांत सिंगाही होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. मी फोटो काढला. चांगला आला.

त्यानंतर सिंगा बाजाराला आला नाही. महिन्याभराने रुपली आली. म्हणाली, पंच बसले होते. बाळंतिणीची जागा बाहेर कोणी सांगितली, असं त्यांनी विचारलं. सिंगा उभा राहिला आणि 'मी' म्हणाला. माझं नाव त्याने घेतलंच नाही. "आते वरीसभर आमना घरनं पानी कोनी पेत नही," ती म्हणाली आणि डिंकाची पुरचुंडी उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेलो. पंचांसमोर सगळं कबूल करायचं ठरवूनच गेलो. सवयीने कॅमेरा खांद्यावर होता. पंचांतला वडीलधारा जामसिंग खाटेवर बसला होता, भोवती पाच-सहा म्हातारे. सिंगा लांब आपल्या झोपडीच्या कुडाशी एकटाच दोर वळत होता. "काय काम काढं, भाऊ?" जामसिंगने विचारलं. मी खांद्यावरचा कॅमेरा उतरवला आणि त्याच्यावरची धूळ पुसू लागलो. सगळे माझ्याकडे बघत राहिले.

सिंगानेच लांबून उत्तर दिलं. "फोटू काढाले उना तो. तुमना बठ्ठासना." त्याने मला वाचवलं, आणि मी निमूटपणे वाचलो.

म्हातारे खूश झाले. फेटे सारखे करून ओळीने बसले. मी तिपाई उभी केली आणि कापडाखाली डोकं घातलं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सगळे उलटे दिसत होते, पंच, खाट, आणि कोपऱ्यात कुडाशी बसलेला सिंगा. जामसिंग म्हणाला, "तो नको आमनामा." तेव्हा तरी कापड बाजूला सारून मला खरं बोलता आलं असतं. मी कापडाखालूनच म्हणालो, "सिंगा, जरा बाजूला हो."

त्याने दोर उचलला आणि तो झोपडीमागे गेला.