‘येते’चं भाषांतर

आमच्याकडे पाहुणे आले की पोह्यांबरोबर माझे सीमेवरचे किस्सेही वाढले जातात. सगळ्यात जास्त फर्माईश बुजगावण्याच्या किश्श्याची. धुक्यात मी बंदूक रोखून ‘हाथ ऊपर!’ म्हणून ओरडलो, आणि समोरचा आधीपासूनच हात पसरून उभा. “वीस वर्षं पहारा केला आणि पकडलं काय, तर एक फाटका सदरा,” हे शेवटचं वाक्य बायकोचं. लोक हसतात, शेवेची वाटी पुन्हा एकदा फिरते.

हे किस्से ऐकतच मोठी झालेली माझी मुलगी यंदा सीमा दलाची, मी दिली होती तीच परीक्षा पास झाली. वर्दीही तीच. ट्रेनिंगचं पत्र आलं तेव्हा ती फ्रीगंजमधल्या आमच्या गल्लीत घरोघरी पेढे देऊन आली आणि मला म्हणाली, “बाबा, एक बुजगावणं माझ्यासाठी ठेवलंय ना?”

मी हसलो. पण एक किस्सा मी कधीच कुणाला सांगितला नव्हता. तो ती जायच्या आत तिला सांगायचा, मग तिनं पत्र फाडलं तरी चालेल, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

हातात सोळा दिवस होते. पंधरा मी शौर्यानं वाया घालवले. एकदा तर ट्रंक घ्यायच्या निमित्तानं तिला टावर चौकात नेलं, घसा साफ केला, आणि कुलूप केवढ्याला हे विचारून कचोरी खाऊन परत आलो.

सोळाव्या दिवशी सकाळी भाजीची पिशवी घेतली आणि सवयीनं म्हणालो, “जातो.”

“अहो, जातो काय म्हणता!” स्वयंपाकघरातून आवाज आला. “येतो म्हणा. शंभरदा सांगितलं. नोकरीत काय शिकून आलात, देव जाणे.”

“पण खरंच बाबा,” पोह्यांची बशी घेऊन बसलेली मुलगी म्हणाली, “तुम्ही ‘येतो’ का नाही म्हणत?”

मी पिशवी ठेवली आणि तिच्यासमोर बसलो. आता नाही तर कधीच नाही.

“पूर्वेकडची पोस्ट होती,” मी सुरू केलं. “थंडीतली सकाळ. एक बाई सापडली, कडेवर पोर. कागदपत्रं नाहीत. आजारी आईला भेटायला सीमेच्या अलीकडे आली होती, भेटून परत पलीकडे निघाली होती. साहेब त्या दिवशी खुशीत होते. म्हणाले, परतच चाललीये तर जाऊ दे, गेट खोलो. चावी माझ्याकडे होती. आणि भाषाही माझ्याकडेच होती, असं मला वाटायचं. बाजारापुरतं बंगाली शिकलो होतो आणि पोस्टवर दुभाषा म्हणून मिरवत होतो. गेटापाशी तिनं साहेबांना हात जोडले आणि म्हणाली, ‘आशी.’ साहेबांनी विचारलं, क्या बोल रही है? मी छाती फुगवून सांगितलं, सर, बोल रही है, आती हूँ.”

हातात झारा घेऊन बायको दारात आली होती. “अगंबाई,” ती म्हणाली, “म्हणजे आपल्यासारखंच?”

“आपल्यासारखंच. त्यांच्यातही निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत.”

“मग?” मुलीनं विचारलं.

“साहेब भडकले. फिर आएगी? मुँह पर बोल रही है? गेट बंद केलं. केस झाली. दुपारी पोलिसांची गाडी आली. गाडीत चढताना ती मला विचारत होती, मी असं काय बोलले? तेवढं बंगाली मला येत होतं.”

“तुम्ही साहेबांना सांगितलं का नाही?”

“एकच वाक्य होतं गं. सर, हमारे यहाँ जानेवाला ऐसे ही बोलता है. पण भाषांतराबद्दल साहेबांनी नुकतीच माझी पाठ थोपटली होती, सगळे बघत होते. संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी म्हटलं, आता काय उपयोग. त्यानंतरही मी तेच गेट रोज उघडलं, बंद केलं. लोकांना परतही पाठवलं. फक्त ‘येतो’ म्हणायला गेलो की ती बाई आठवते.”

पोहे गार झाले होते.

“म्हणजे मी जाऊ नको?”

“ते तू ठरव. गमतीचे किस्से सांगून सांगून तुला तिथवर मीच पोचवलं. हा तेवढा मुद्दाम गाळला होता.”

तिनं पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढले. मग म्हणाली, “मी जाणार. पण भाषा नीट शिकेन. तुमच्यासारखी बाजारापुरती नाही. आणि असं काही झालं ना, तर तिथल्या तिथे बोलेन. साहेब असू दे, नाहीतर साहेबांचे साहेब.”

टोमणा आईकडून आलाय. हिंमत कुणाकडून, ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्याकडे कुणी बघतसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी देवास गेटच्या बसस्टँडवर तिला इंदूरच्या बसमध्ये बसवलं. खिडकीतून ती म्हणाली, “येते, बाबा.”

ती बाई आठवलीच. पण ठरवलं होतं. पोट आत घेऊन सगळा जोर लावला आणि ओरडलो, “ये!”

शेजारचा रिक्षावाला दचकला. “कौन ये, भिया? बस तो जा री है, बुला किसको रिये हो?”

“बुला नहीं रहा,” मी म्हणालो. “हमारे यहाँ जानेवाले को ऐसे ही बोलते हैं.”

“अच्छा,” तो म्हणाला आणि रिक्षा पुढे घेतली.

त्या गेटापाशीही एवढाच वेळ लागला असता.